पावती नसलेली जादू

जादूगाराने प्रेमात पडू नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. वाटेल तितक्या वेळा पडावे. माझी तक्रार सिनेमावाल्यांबद्दल आहे. वुडी ॲलनचा २०१४ सालचा 'मॅजिक इन द मूनलाइट' घ्या. काळ १९२८चा. स्टेजवर चिनी वेष करून जादू दाखवणारा एक तिरसट साहेब फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर जातो. कशाला? तर मृतात्म्यांशी बोलणाऱ्या एका पोरीचे बिंग फोडायला. आधी स्वतःच भुलतो, मग बिंग फोडतो, आणि शेवटी तिलाच लग्नाची मागणी घालतो! वर आपल्याला उपदेश, की भ्रमावाचून आयुष्याला गोडी नाही. युक्ती ओळखणारा तो रूक्ष आणि माणूसघाणा.

हे आम्हा नाशिककरांना मान्य नाही. आमच्या त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमा काढण्याआधी 'प्रोफेसर केळफा' म्हणून जादूचे प्रयोग करीत. आडनाव उलटे वाचा. म्हणजे नावातली हातचलाखीसुद्धा उघड्यावर! पुढे १९१७ साली त्यांच्या 'लंकादहन'मध्ये राम पडद्यावर आला, की लोक पायातले जोडे काढीत. (राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच, ही गोष्ट वेगळी.) एवढी गिऱ्हाइकी एखाद्या बाबाला लाभती, तर गोदाकाठी मठ उठला असता. फाळक्यांनी काय करावे? चित्रपट कसा तयार होतो, ते दाखवणाराच एक चित्रपट काढला!

बरे, घरात गोडी नव्हती म्हणावे, तर सरस्वतीबाई अंधारात बसून फिल्मला भोके पाडीत होत्या आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही रांधत होत्या. प्रत्येक युक्तीची गोम ठाऊक असलेल्या या बाईने दागिनेही देऊन टाकले. परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) पाहा. नवराबायकोच्या मध्ये एकही आत्मा येत नाही. कुणाचे काही अडत नाही.

'ही युक्ती आहे' एवढेच सांगत गावोगाव फिरणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घातल्या. वर्षानुवर्षे रखडलेला वटहुकूम मग काही दिवसांत निघाला. लोक त्याला म्हणतात जादूटोणाविरोधी कायदा. म्हणजे बदनाम झाली ती बिचारी जादूच! ती तर तिकीट काढून, वेळ छापून फसवते. तिकिटाचे अर्धुक आपल्या खिशात राहते.

आमच्या शाखेतले हेडकॅशिअर घ्या. दहाच्या फाटक्या नोटेवरून गिऱ्हाइकाशी पंधरा मिनिटे हुज्जत घालतील. पण वडिलांच्या आत्म्याशी बोलणे करून देणाऱ्या एका बुवाला त्यांनी अकरा हजार रोख मोजले. ना व्हाउचर, ना सही.

"वडील काय म्हणाले?" मी विचारले.

"काळजी करू नकोस म्हणाले."

"अहो, आणि लॉकरची किल्ली कुठे ठेवलीय, ते विचारलंत का?"

"विचारलं ना. त्याला आणखी एक बैठक लागते म्हणाले. पाच हजार."