पेण-रोह्याच्या मुलांची ज्यू पुस्तकं: ना मराठीच्या कपाटात, ना हिब्रूच्या

पेण म्हटलं की गणपतीच्या मूर्ती आठवतात, पापड आठवतात, पोहे आठवतात. रोहा म्हटलं की कुंडलिका नदी आणि थंडीतली पोपटी. पण 'पेणकर', 'रोहेकर' आणि 'अष्टमकर' ही आडनावं आज इस्रायलमधल्या घरांच्या दारावरही सापडतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

ही आडनावं बेने इस्रायल समाजाची. कोकणात शतकानुशतकं राहिलेले, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हणून ओळखले गेलेले ज्यू लोक. गावाच्या नावापुढे 'कर' लावायची पद्धत त्यांनीही इतरांसारखीच उचलली. किहीमचे ते किहीमकर, दिव्याचे दिवेकर आणि रोह्याला लागून असलेल्या अष्टमीचे अष्टमकर. पेणमध्ये आणि अष्टमीत त्यांची सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळं, उभी राहिली. घरात भाषा मराठी, प्रार्थनेची भाषा हिब्रू.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यानंतर जुने ग्रंथ जपण्याची चर्चा जोरात सुरू झाली. ताम्रपट, शिलालेख, लीळाचरित्र, ज्ञानेश्वरी ही नावं लगेच निघाली, आणि ती निघायलाच हवीत. पण याच मराठीत एकोणिसाव्या शतकात ज्यू मुलांसाठी पुस्तकं छापली जात होती, ती या चर्चेत कुठेच नाहीत. त्यांचं काय करायचं, हा प्रश्न साधा वाटतो. तसा तो नाही.

मुळात ही पुस्तकं होती कसली?

आज 'बालसाहित्य' म्हटल्यावर जे रंगीत पुस्तक डोळ्यांसमोर येतं, ते इथे शोधू नका. मुलांच्या हातात जायची ती तीन प्रकारची पुस्तकं.

पहिला प्रकार शिकण्याच्या पुस्तकांचा. कोकणातल्या बेने इस्रायलांकडे शनिवार पाळण्याची, सणांची परंपरा होती, पण हिब्रू वाचता येणारे लोक फार थोडे उरले होते. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरणाचं पुस्तक छापलं. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे उघड आहे. पण झालं उलटंच. मिशनच्या शाळांत शिकलेली बेने इस्रायल मुलं ख्रिस्ती होण्याऐवजी स्वतःच्या धर्माची पुस्तकं स्वतः वाचू लागली, आणि पुढे स्वतःच लिहू लागली.

त्यातलं सगळ्यात मोठं नाव योसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४–१९०५). मुंबईत ससून यांच्या ज्यू शाळेत ते अनेक वर्षं मुख्याध्यापक होते, मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षकही होते. हिब्रू प्रार्थनांची कित्येक पुस्तकं त्यांनी मराठीत आणली. वर्गात रोज मुलांसमोर उभं राहणारा माणूस भाषांतर करतो, तेव्हा ते भाषांतर कुणासाठी आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढली. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच.

दुसरा प्रकार कीर्तनाच्या पुस्तकांचा. हो, कीर्तनच. १८८० च्या सुमारास बेने इस्रायलांनी हरिदासी कीर्तनाचा साचा घेतला आणि त्यात अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं बसवली. पूर्वरंग, उत्तररंग, साक्या, दिंड्या सगळं तसंच. ही कीर्तनं लिहिणाऱ्या आणि करणाऱ्या पहिल्या मंडळींत बेंजामिन शिमशोन अष्टमकर होते. आडनाव पुन्हा वाचा: रोह्याची अष्टमी. हिब्रू न येणाऱ्या पोराला योसेफाची गोष्ट कळायची ती या कीर्तनातून.

आणि तिसरं पुस्तक म्हणजे हागादा. हे खरं तर वल्हांडणाच्या रात्री घरात वाचायचं पुस्तक. पण त्याची सुरुवातच मुलापासून होते: घरातल्या सगळ्यात लहान मुलाने चार प्रश्न विचारायचे आणि मोठ्यांनी उत्तरादाखल मिसरमधून सुटकेची गोष्ट सांगायची. लहान मूल बोललंच नाही, तर पुस्तक पुढे सरकत नाही. हिब्रूसोबत मराठी असलेली हागादा मुंबईत १८४६ मध्ये शिळाछपाईवर निघाली. पुण्यात १८७४ मध्ये जी निघाली, तिच्यात चित्रं आहेत, आणि त्या चित्रांत सणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साडीत आहेत. विसाव्या शतकात या पुणे आवृत्तीची हुबेहूब प्रत अमेरिकेतही छापली गेली. पुण्यात छापलेलं मराठी पुस्तक पुन्हा छापावंसं न्यूयॉर्कला वाटलं, महाराष्ट्राला नाही.

मग ती जपायला अडचण काय?

वाळवी, कसर आणि पाऊस ही नेहमीची यादी आहेच. पेण-रोह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने कपाटाच्या मागची भिंत ओली. शिवाय पूर. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीने जांभूळपाड्यात काय केलं, ते या भागातले लोक अजून विसरलेले नाहीत. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयाचंही मोठं नुकसान झालं. कोकणात पुस्तक तळमजल्यावर ठेवणं हाच एक धोका आहे.

कागदाचीही एक गंमत आहे. जुनं पुस्तक म्हणजे जास्त नाजूक, असं आपण धरून चालतो. पण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला कागद बहुतेक चिंध्यांपासून बनायचा आणि तो टिकाऊ असतो. नंतर लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यात आम्ल असतं आणि तो आतून जळतो: पिवळा, मग तपकिरी, मग दुमडली की तुटतो. म्हणजे १८४६ ची हागादा हातात धरता येईल, पण १९२० चं शाळेतलं पुस्तक बोटांखाली भुगा होईल. आणि मुलांची पुस्तकं बहुतेक स्वस्त कागदावरच छापली जातात. त्यावर कुणी प्रेमाने सेलोटेप लावला असेल, तर विषयच संपला.

पण खरी अडचण कागदाची नाही. हिब्रूत देवाचं नाव असलेलं पुस्तक फाटलं, तर ज्यू परंपरेत ते रद्दीत देत नाहीत. बाजूला साठवतात आणि नंतर दफनभूमीत पुरतात. या पद्धतीला 'गेनिझा' म्हणतात. त्यामागची भावना आदराची आहे, तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण परिणाम बघा. मुलाच्या हिब्रू वाचनाच्या पुस्तकात धडे असतात आणि प्रार्थनाही असतात. मुलाने ते फाडलं की ते 'पवित्र आणि निकामी' या वर्गात जातं. सगळ्यात जास्त वापरलेली, म्हणजे सगळ्यात जास्त मुलांच्या हातात गेलेली प्रत, सगळ्यात आधी मातीत जाते. श्रीमंत घराच्या कपाटात न उघडलेली प्रत मात्र मागे राहते.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. १९४८ नंतर बेने इस्रायल कुटुंबं मोठ्या संख्येने इस्रायलला गेली. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या भारतात ज्यू लोक उरले होते साडेचार हजारांच्या आसपास. महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा पेण-रोह्याच्या बहुतेक ज्यू घरांना कुलूप लागून जमाना झाला होता. इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं, पण तिथे जन्मलेली मुलं शाळेत शिकली ती हिब्रू.

त्यामुळे दोन भाषांच्या या पुस्तकाचं एक विचित्र झालं आहे. पानाचा हिब्रू अर्धा भाग वाचू शकणारं मूल इस्रायलमध्ये आहे आणि मराठी अर्धा भाग वाचू शकणारं मूल पेणच्या जिल्हा परिषद शाळेत. एक अख्खं पान वाचू शकणारी माणसं मोजकीच, आणि तीही वयाने मोठी.

पण स्कॅन केलं की झालं ना?

सोशल मीडियावर अशा विषयाखाली पहिली कमेंट हीच असते. स्कॅनिंग आता महाग नाही, हे खरं. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा 'ग्रंथ संजीवनी' प्रकल्प आहे, राज्य मराठी विकास संस्थेने जुने मराठी ग्रंथ ऑनलाइन आणले आहेत. कॉपीराइटचाही अडथळा नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, आणि राजपूरकर जाऊन शंभराहून अधिक वर्षं झाली.

अडतं ते त्याच्या आधी. स्कॅन करायला पुस्तक सापडावं लागतं आणि सापडायला ते नोंदीत बरोबर असावं लागतं. १८६७ च्या कायद्याने छापखान्यांना पुस्तकाच्या प्रती सरकारला द्याव्या लागत, त्यातल्या अनेक लंडनला गेल्या. ब्रिटिश म्युझियमच्या मराठी पुस्तकांची ब्लूमहार्ट यांनी केलेली सूची १८९२ सालची आहे. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१७ मध्ये 'वाल्माडोना' हा प्रचंड खासगी संग्रह घेतला, त्यात भारतात छापलेली ज्यू पुस्तकंही होती. म्हणजे लंडनमध्ये ती 'मराठी' म्हणून नोंदली गेली, जेरुसलेममध्ये 'ज्यू' म्हणून. आपल्याकडे शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' आहे, १८०० ते १९५० पर्यंतच्या पुस्तकांची. एकट्या माणसाने केलेलं अचाट काम. पण तिच्यातून बेने इस्रायल पुस्तकं वेगळी काढून, ती कुठल्या कपाटात आहेत हे जुळवणारी यादी जिल्ह्यापाशी हवी.

महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली चालणारी सार्वजनिक ग्रंथालयं अकरा हजारांहून अधिक आहेत. अनुदान मिळतं ते अ, ब, क, ड वर्गानुसार. किती पुस्तकं, किती वाचक, किती नियतकालिकं हे मोजलं जातं. जुनं दुर्मीळ पुस्तक ओळखलं म्हणून गुण मिळत नाहीत. मग तुटपुंज्या पगारावरचा ग्रंथपाल दाखल-नोंदवहीत 'योसेफाची गोष्ट, लेखक बेंजामिन' बघून ते ख्रिस्ती धर्माच्या खणात ठेवतो. त्यात त्याची काय चूक? मराठी बायबलमध्येही योसेफच आहे, मोशेच आहे.

फरक ओळखायच्या खुणा मात्र आहेत. पुस्तकात 'नव्याचा सण', 'अनाशी धाकाचा सण', 'बिरड्याचा सण' असे शब्द आले, तर ते मिशनचं नाही, बेने इस्रायलांचं आहे. वालाच्या बिरड्यावरून सणाला नाव ठेवणारा समाज रायगडचाच असणार. लेखकाच्या आडनावात गाव शोधावं. आणि पुस्तक कुठून उघडतं ते बघावं. हिब्रू उजवीकडून डावीकडे चालते, त्यामुळे अशा कित्येक पुस्तकांचं पहिलं पान मराठी वाचकाला शेवटचं वाटतं. ग्रंथालयाचा शिक्का आणि तारखेची चिठ्ठी चुकीच्या टोकाला चिकटलेली असते. कुणी घाईत स्कॅन केलंच, तर अख्खं पुस्तक शेवटाकडून सुरुवातीकडे अपलोड होतं, आणि लहान मुलाचे ते चार प्रश्न उत्तरांच्या नंतर येतात.