पोस्टरवर ल्यूक नाही!

‘द फोर्स अवेकन्स’ 18 डिसेंबर 2015ला अमेरिकेत झळकणार होता, आणि ‘स्टार वॉर्स’चे चाहते आनंदापेक्षा धास्तीतच जास्त होते. पोस्टरवर मूळ चित्रपटांचा नायक ल्यूक स्कायवॉकर नाही, एवढ्यावरून तो खलनायक झाल्याच्या वावड्या उठल्या. त्याआधी टीझरमधल्या आडव्या मुठीच्या लाइटसेबरवर, म्हणजे प्रकाशाच्या तलवारीवर, काथ्याकूट: बाजूच्या पात्यांनी वापरणाऱ्याचाच हात कापला जाणार नाही का?

हसू येतं, पण ही माणसं ताकही फुंकून पीत होती, कारण 1999मध्ये तोंड खरंच पोळलं होतं. आधीच्या चित्रपटानंतर सोळा वर्षं थांबून ‘द फँटम मेनेस’ पाहायला गेलेल्यांच्या पदरात व्यापारी करांचा वाद आणि जार जार बिंक्स हे पात्र पडलं. तेव्हा दिग्दर्शक निदान खुद्द जॉर्ज लुकास होते. 2012मध्ये त्यांनी आपली कंपनी डिस्नेला सुमारे चार अब्ज डॉलरना विकली. या वेळी सूत्रं जे. जे. अब्रॅम्स यांच्याकडे होती.

खरा घाव मात्र 2014चा. मूळ चित्रपटांची कथा पुढे नेणाऱ्या कादंबऱ्या एका फटक्यात अधिकृत कथेबाहेर गेल्या. टिमथी झान यांची ‘एअर टू दि एम्पायर’ 1991ची. तिच्यावर वाढलेल्या वाचकाला सांगायचं, की यातलं काही घडलंच नव्हतं! माझी सहानुभूती या वाचकाला, लाइटसेबरवाल्यांना नाही.

आपल्याकडे चित्रपट 25 तारखेला येणार होता. 18ला पडदे ‘दिलवाले’ आणि ‘बाजीराव मस्तानी’कडे होते. आणि ‘बाजीराव मस्तानी’तलं ‘पिंगा’ गाणं पाहून बाजीरावांच्या पत्नी काशीबाईंसाठी संतापलेल्यांनी तरी या चाहत्यांना वेडं म्हणू नये.