विलायतेचा पंक्तिप्रपंच

एकाच पंगतीस बसलेल्या दोघांपैकीं एकाच्या भातावर तूप वाढावें व दुसऱ्यास कोरडा भात खावयास लावावा, यास आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात. परदेशीं जाऊन राहिलेल्या आपल्या वृद्ध पेन्शनरांशीं ब्रिटिश सरकार आज कित्येक वर्षें असाच व्यवहार करीत आहे. इंग्रजांच्या घरच्या तंट्याशीं आम्हांस काय कर्तव्य, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु त्याची झळ आपल्या लोकांसही लागत असल्यामुळें हें प्रकरण नीट समजून घेणें अवश्य आहे.

ब्रिटनमध्यें नोकरी वा धंदा करणारा मनुष्य नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी भरतो व ठराविक वयानंतर त्यास सरकारी पेन्शन मिळूं लागतें. हें पेन्शन दरसाल वाढतें. तो मनुष्य उतारवयांत स्पेन, फ्रान्स अगर अमेरिकेंत जाऊन राहिला, तर ही वाढ त्यास तेथेंही पोंचते. मात्र तो कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका किंवा हिंदुस्थान येथें राहिला, तर पहिला आंकडा तोच शेवटचा आंकडा! नायगाराच्या अमेरिकन तीरावरील पेन्शनरास वाढ मिळते. समोरच्या कॅनडाच्या तीरावरील पेन्शनरास मिळत नाहीं. मूळ पेन्शनाचा पूर्ण दर २००० सालीं आठवड्यास ६७.५० पौंड होता. तोच २०२५-२६ सालीं १७६.४५ पौंड झाला. २००० सालीं पेन्शन सुरू होऊन तेव्हांपासून दक्षिण आफ्रिकेंत राहणाऱ्या वृद्धाच्या हातीं मात्र जुनेच ६७.५० पौंड पडतात. असे पेन्शन गोठलेले लोक सुमारें साडेचार लाख आहेत.

या अन्यायाविरुद्ध १९८९ मध्यें दक्षिण आफ्रिकेंत जाऊन राहिलेल्या श्रीमती कार्सन यांनीं दाद मागितली. २००५ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें चार विरुद्ध एक मतानें त्यांचा दावा फेटाळला. पुढें १६ मार्च २०१० रोजीं स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेंही अकरा विरुद्ध सहा मतांनीं तोच निकाल दिला. वर्गणी म्हणजे कांहीं पेन्शनाची खाजगी ठेव नव्हे, निरनिराळ्या देशांतील महागाई सारखी नसते, आणि कोणाशीं तह करावा हा सरकारचा प्रश्न आहे, असा त्या निकालांचा मथितार्थ आहे.

कायद्याच्या दृष्टीनें या कोटिक्रमांत कांहीं तथ्य असेलही. परंतु त्यानें न्यायबुद्धीचें समाधान होत नाहीं. महागाई हेंच कारण असेल, तर अमेरिकेंतील भाव लंडनच्या भावांशीं जुळतात आणि कॅनडाचे तेवढे जुळत नाहींत, असें म्हणावें लागेल. तहाची सबब तर याहून दुबळी आहे. तह सरकारें करितात. वर्गणी भरणारा त्यांत पक्षकार नसतो. ऑस्ट्रेलियानें तर याच वादापायीं २००१ सालीं ब्रिटनशीं असलेला आपला सामाजिक सुरक्षेचा करार मोडला, तरी लंडन ढळलें नाहीं. खरें कारण खर्चाचें आहे. परंतु खर्चाचें ओझें वांटावयाचें, तर तें सर्वांवर सारखें वांटावें. दूर गेलेल्या म्हाताऱ्यांच्याच माथीं कां?

याचें उत्तर आमच्या मतें मतपेटींत आहे. पंधरा वर्षांहून अधिक काळ देशाबाहेर असलेल्या ब्रिटिश नागरिकास पार्लमेंटच्या निवडणुकींत मतच नव्हतें. दुसऱ्या महायुद्धांत लढलेले व इटलींत राहणारे हॅरी शिंडलर यांनीं या नियमाविरुद्ध वर्षानुवर्षें झगडा केला. स्ट्रासबुर्गच्या न्यायालयांत २०१३ सालीं ते हरले. पुढें २०२२ च्या कायद्यानें ती अट रद्द ठरली व १६ जानेवारी २०२४ पासून तें कलम अमलांत आलें. पण शिंडलर २०२३ सालींच वारले होते. न्यायालयांत जें मिळालें नाहीं, तें पार्लमेंटांत मिळालें. पेन्शनरांनींही आतां तोच मार्ग चोखाळावा, हें आमचें त्यांस सांगणें आहे.

आतां आपल्या घरचा विचार. हा नियम जात वा राष्ट्र पाहत नाहीं, वास्तव्य पाहतो. ब्रिटनच्या इस्पितळांत वा कारखान्यांत हयात घालवून पुण्यास किंवा साताऱ्यास परत आलेल्या आपल्या माणसाचेंही पेन्शन याच नियमानें गोठतें. तो ब्रिटनमध्यें जाऊन राहिला तर तेवढ्यापुरता चालू दर मिळतो. इकडे परतला कीं पुन्हां जुना आंकडा. म्हणून परत येण्याचा बेत करणाऱ्यानें आपल्या उतारवयाचा हिशेब याच आंकड्यावर मांडावा. पुढें वाढ मिळेल या आशेवर घर बांधूं नये. दिल्लीच्या सरकारनेंही लंडनशीं बोलणीं करितांना मालावरील जकातीइतकाच या वृद्धांच्या पेन्शनाचा आग्रह धरला पाहिजे.

आणि आग्रह धरणाऱ्याचे स्वतःचे हात स्वच्छ असावे लागतात. परदेशीं राहणाऱ्या हिंदी नागरिकास २०१० च्या दुरुस्तीनें मताचा हक्क मिळाला. पण परदेशीं असलेल्या ब्रिटिश नागरिकाप्रमाणें टपालानें किंवा मुखत्यारामार्फत तो बजावण्याची मुभा सामान्य प्रवाशास दिलेली नाहीं. त्यास स्वतः आपल्या मतदानकेंद्रावर यावें लागतें. आखातांत मोलमजुरी करणाऱ्यास एका मतासाठीं हा खर्च कसा परवडणार? मत नसलेल्याची दाद कोणी घेत नाहीं, हा ब्रिटिश पेन्शनरांचा अनुभव आपल्या कायदेमंडळानें वेळींच ध्यानांत घ्यावा.