पिस्तूल कुठलं घेऊ?

रात्री अकराला मामाचा पोरगा दारात. चपला न काढता आत आला आणि मोबाईल माझ्या नाकापुढं धरला. "आण्णा, यातलं कुठलं घेऊ सांगा."

पिस्तुलं होती. काळी, जाडजूड, पूर्ण मापाची. कुणी दाढीवाला अमेरिकन टेबलावर एकेक मांडून सांगत होता, घराच्या रक्षणाला हे, रविवारी निशाणेबाजीच्या मजेला ते. शेवगावच्या नव्या प्लॉटिंगमध्ये स्लॅब टाकलेला, सेंट्रिंगची कामं घेणारा आमचा गडी महिनाभर हेच बघतोय. कारण साधं आहे. त्यानं फाटकावर निळ्या अक्षरात जय भीम लिहिलंय. दोनदा रात्री दगड आले. चौदा एप्रिलनंतर फोन आला, लय उंच घर बांधलंस म्हणून. बायको पोरं घेऊन माहेरी जाते म्हणते. दाराआड कुऱ्हाड, उशाशी बॅटरी, अशी झोप.

दोस्तांनो, त्याला हसू नका. पुण्यामुंबईचे आपले काही मित्र लगेच संविधानाची प्रत पुढं करतील आणि शांततेवर प्रवचन झोडतील. त्यांच्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमन असतो. इथं शेवगावात जून २०१७ मध्ये एका माजी सैनिकाच्या घरात शिरून रात्रीत चौघांना मारलं. ते जातीचं प्रकरण नव्हतं, दरोड्याचं होतं. पण बंद दाराच्या आत माणूस किती एकटा असतो ते त्या सकाळी सगळ्या गावाला कळलं. आणि दरोडा पडला की पोलिसांची पहिली जीप कुठं जाते? पारध्यांच्या पालावर. इंग्रजानं १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो १९५२ ला गेला, जीप अजून तोच रस्ता धरते. हेही त्याला सांगितलं. अंधारात सावली दिसली आणि तू चाप ओढलास तर ती सावली बहुधा आपल्यातल्याच कुणाची निघेल. दारू पिऊन घर चुकलेला सुद्धा असू शकतो.

मी हे ऐकीव बोलत नाही. मी बंदुकीच्या घरात वाढलो. बाप महार रेजिमेंटचा. टोपीच्या बिल्ल्यावर दोन आडव्या मशीनगन. पेन्शनीत आल्यावर एका बँकेच्या दारात दुनळी बारा बोअर घेऊन स्टुलावर बसला, अठरा वर्षं. बंदूक त्याची स्वतःची, परवाना त्याच्या नावचा. रात्री ती दहा बाय बाराच्या पत्र्याच्या खोलीत यायची. नळ्या वेगळ्या काढून ट्रंकेत, कुलूप, किल्ली आईच्या करगोट्याला. काडतुसं दुसऱ्या पेटीत, ती भांड्यांच्या मांडणीवर. बाप म्हणायचा, चोर आला तर त्याला चहा पाजत बसा, तोवर मी जोडतो. हसायचो आम्ही. पण सहा लेकरांच्या खोलीत भरलेली बंदूक उशाशी घेऊन झोपणारा बाप मूर्ख असतो, हे त्या जवानाला कळत होतं. आणि वस्तीवर तणाव असायचा तो कधी? निवडणुकीच्या तोंडावर. तेव्हा बँकेच्या ड्यूटीवर होता तोवर बंदूक त्याच्याजवळ राहायची, कारण बँकेची तिजोरी राखायची होती. नोकरी सुटली आणि पुढच्याच निवडणुकीला ती ठाण्यात जमा. हाणामारी झाली त्या रात्री आमच्याकडं काठ्याच होत्या.

बाप गेला. बंदूक माझ्या नावावर करावी म्हणून एका कचेरीत अर्ज दिला. टेबलापलीकडच्या माणसानं नाव वाचलं, आडनाव वाचलं, आणि मायेनं विचारलं, "तुम्हाला कशाला हवी हो? तुमच्याकडं राखायला आहे काय?" अठरा वर्षं दुसऱ्याचा पैसा राखायला आमचा बाप चालला. आमचं घर म्हणजे राखण्याजोगी वस्तूच नाही! बंदूक शेवटी डीलरकडं गेली.

म्हणून भावाला आधी वस्तूचंच सांगितलं. मोबाईलमधलं ग्लॉक विसर. नऊ मिलिमीटर आणि पंचेचाळीस बोअरची पिस्तुलं आपल्याकडं प्रतिबंधित बोअरमध्ये येतात, साध्या नागरिकाला मिळत नाहीत. परदेशी हत्याराची आयात ऐंशीच्या दशकातच आटली. जुनं विलायती हत्यार निघालं तर त्याची किंमत जमिनीसारखी. तुझ्या वाट्याला येतं ते बत्तीस बोअर, सरकारी कारखान्याचं. 'अशनी' नावाचं पिस्तूल आहे, रिव्हॉल्व्हरं आहेत. दिल्लीच्या बलात्कारानंतर २०१४ साली कानपूरच्या कारखान्यानं बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात. ऊसतोडीला जाणारी बाई ते कधी घेणार, हे काही कारखान्यानं सांगितलं नाही.

आता घ्यायचंच तर काय पाहायचं? दाढीवाला एका गोष्टीत खरं बोलतो. खिशात मावतं म्हणून चिमुकलं घेऊ नये. मोठ्या पिस्तुलाची मूठ हातभर बसते, वजनानं धक्का खाल्ला जातो, नळी लांब म्हणून नेम धरायला सोपं. छोटं हत्यार मिरवायला बरं, मारायला अवघड. पण मोठं असो की छोटं, महिन्या-दोन महिन्याला गोळी झाडल्याशिवाय हात बसत नाही. रेंज कुठं? नगर ओलांडून पुण्याला बालेवाडीला जा. परवान्यावर काडतुसं मोजून मिळतात, ती सरावात घालवशील की घरासाठी ठेवशील? आणि गोळी भिंत ओळखत नाही. तुझा स्लॅब आहे, शेजारच्या मावशीचा पत्रा आहे. बत्तीसची गोळी पत्र्यातून आरपार जाते.

मजेच्या निशाणेबाजीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे, ते इथंच सांगून टाकतो. पोरांनी खुशाल शिकावी. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसहून रायफलीचं कांस्य घेऊन आला. कोल्हापूरचीच राही सरनोबत २०१८ च्या एशियाडला पिस्तुलात सोनं घेऊन आली. दहा मीटरची एअर पिस्तूल विहाराच्या हॉलमध्येही मारता येते. ठरावीक ताकदीखालच्या एअरगनला परवाना लागत नाही. हा खेळ फक्त फार्महाऊसवाल्यांच्या पोरांचाच का असावा? पण गावठी कट्टा कमरेला खोचून फोटो टाकणारे आपले जे वाघ आहेत, त्यांच्या पाया पडून सांगतो, च्यायला, तुम्ही पोलिसांचं काम फुकटात करताय. हत्यार कायद्याचं कलम २५ आपल्यासाठी अगदी तयार बसलेलं असतं. लग्नात हवेत बार काढणाऱ्यालाही २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद आहे. कुणाच्या लग्नात कुणी आत गेलेलं पाहिलंय का, ते मला कळवा.

आता मुद्द्याचं. पिस्तूल असतं तर आपली माणसं वाचली असती का? याच जिल्ह्यातली दोन प्रकरणं घ्या. सोनई, जानेवारी २०१३. तीन मेहतर पोरांना सेप्टिक टँक साफ करायच्या निमित्तानं बोलावून मारलं. खर्डा, २८ एप्रिल २०१४. सतरा वर्षांचा पोरगा, शाळेतून ओढून नेला. त्याच्या खटल्यातले आरोपी नोव्हेंबर २०१७ मध्ये निर्दोष सुटले. तिघं कामावर मेले, एकाला शाळेतून नेलं. घरातल्या कपाटातलं पिस्तूल तिथं काय करणार होतं? पण मग खैरलांजी, २९ सप्टेंबर २००६. तिथं जमाव घरावरच चालून आला. तिथं असतं तर? सात-आठ गोळ्या आणि अख्खं गाव. मला उत्तर येत नाही. ज्याला येतं त्यानं लिहावं.

कायद्याला मात्र हा प्रश्न पडलेला आहे, आणि आपल्याच लोकांना ते ठाऊक नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. नियम तीन उघडा. अत्याचारप्रवण भाग ठरवा, असं सरकारला सांगितलंय. पुढं, गरज वाटली तर बिगर दलित-आदिवासींचे, त्यांच्या नातेवाइकांचे, नोकरांचे, दोस्तांचे सुद्धा हत्यार परवाने रद्द करून ती हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करा. बेकायदा हत्यारं जप्त करा. आणि त्याच्याच खाली, जिवाच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी गरज वाटली तर अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना परवाने द्या. सरकारच्या राजपत्रात छापलेलं आहे, कुणा पँथरच्या पत्रकात नाही.

आपल्या बहुतेकांचं लक्ष खालच्या ओळीवर जातं. पिस्तूल मिळणार! माझं म्हणणं, वरची ओळ आधी वाचा. आपल्या हातात एक बत्तीस बोअर आलं आणि समोरच्या आळीतल्या दहा बंदुका तशाच राहिल्या तर फरक कुणाला पडला? सरकारला परवाने रद्द करता येत नाहीत असं कुणी म्हणू नये. शेवगावला खेटून बीड जिल्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचाचा खून झाला, बोंब झाली, जिल्ह्यात बाराशेहून जास्त परवाने असल्याचं बाहेर आलं, आणि मग प्रशासनानं ते रद्द करायला घेतले. म्हणजे कलम चालतं. बोंब मोठी लागते.

हत्यार कुणाकडं असावं हे साहेबाच्या काळापासून कातडी बघून ठरतंय. १८७८ च्या हत्यार कायद्यात हिंदी माणसाला परवाना, युरोपियनाला सूट. कोरेगावला लढलेल्या महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली, महायुद्धाची गरज लागली तेव्हा १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी केली. अमेरिकेतही तेच. ज्यांच्यावरून १९७२ ला मुंबईत पँथर हे नाव घेतलं, ते ऑकलंडचे काळे पँथर भरलेल्या बंदुका उघड घेऊन फिरायचे, कारण कॅलिफोर्नियाचा कायदा फिरू देत होता. मे १९६७ मध्ये ते तशा बंदुका घेऊन विधिमंडळात शिरले. त्याच वर्षी कायदा बदलला. गव्हर्नर रीगन, त्यांनी सही केली. गोऱ्यांच्या हातात त्याच बंदुका होत्या तोवर कुणाला कायदा आठवला नव्हता.

भावाला हे सगळं एका बैठकीत पचलं नाही. तो म्हणाला, "आण्णा, उद्या रात्री दगड आला तर मी काय राजपत्र फेकून मारू?" त्याचं बरोबर आहे. स्वसंरक्षणाचा हक्क न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण तो कोर्टात सिद्ध करायला वर्षं जातात, आणि तोवर चाप ओढणारा कुठल्या जातीचा हे बघूनच ठाण्यात वागणूक मिळते. हेही त्याला कळतं. तरी बायकोचा चेहरा त्याला रोज बघावा लागतो, मला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बसून अर्ज लिहिला. परवान्याचा नमुना भरला, आणि त्याला वेगळं निवेदन जोडलं. पहिली मागणी, दगड आणि धमकीची नोंद अत्याचार कायद्याखाली घ्या. दुसरी, या भागातल्या परवान्यांची यादी तपासा, नियम तीनखाली ज्यांचे रद्द व्हायला हवेत ते करा. तिसरी, तेवढं होत नसेल तर त्याच नियमाखाली याला परवाना द्या, नाकारायचं तर कारण लेखी द्या. खाली वस्तीतल्या एकेचाळीस जणांच्या सह्या, त्यात सतरा बायका. पोच घेताना टेबलावरच्या माणसानं नियमाचा आकडा दोनदा वाचला आणि आत साहेबाकडं गेला. बाहेर आल्यावर शिक्का मारला.

त्याला अडीच महिने झाले. उत्तर नाही. गेल्या आठवड्यात स्मरणपत्र दिलं. तोवर त्याच्या गच्चीवर वस्तीतली चार-चार पोरं पाळीनं झोपतात, बॅटऱ्या आणि शिट्ट्या घेऊन. आज माझी पाळी आहे.