माडावर चढणाऱ्याचा दोर

कोकणातील बागायतदार माडाच्या खतपाण्याचा विचार पुष्कळ करतो. माडावर चढणाऱ्याच्या दोराचा विचार मात्र तो क्वचितच करतो. नारळ पाडणे, झावळ्या उतरविणे, शेंड्यातील गेंड्या भुंगा आकड्याने ओढून काढणे, यांपैकी प्रत्येक कामासाठी कोणाला तरी पन्नास-साठ फूट वर जावे लागते. त्याच्याजवळ बहुधा पायांत अडकविलेला काथ्याचा एक फेरा एवढेच साधन असते. हा फेरा पायांना खोडाशी आवळून धरतो; पाय निसटला तर तो देहाला धरीत नाही.

पाडपी मिळत नाहीत, ही तक्रार खरी आहे, पण ती अर्धीच आहे. मजुरी झाडामागे मोजली जाते आणि एका पडण्याने घर उघडे पडते, हे पाहून मुलगा बापाचे काम सोडतो. त्यात आळस नाही, हिशोब आहे. केरळात नारळ विकास मंडळाने २०११ साली ‘नारळवृक्षाचे मित्र’ या नावाने तरुणांना यंत्राच्या साहाय्याने चढण्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला व त्यास अपघात विम्याची जोड दिली. स्त्रियाही तेथे चढावयास शिकल्या. हे काम एखाद्या जातीच्या रक्तातच असावे लागते, या समजुतीला याहून चांगले उत्तर नाही.

तथापि यंत्र आणून दिले म्हणजे कर्तव्य संपले, असे गावपातळीवरील कार्यकर्त्याने मानू नये. यंत्र पायाला आधार देते. कंबरेसाठी दोर निराळाच लागतो, आणि दोर म्हटला की गाठ आली. येथेच शिक्षणाची खरी उणीव आहे. सुरगाठ आणि निरगाठ शेतकऱ्याला पाळण्यापासून ठाऊक असतात. गुरे बांधण्यास त्या पुरेशा आहेत, पण ओढताच सुटणाऱ्या सुरगाठीवर मनुष्याचा जीव टांगता येत नाही. इंग्रजी आठाच्या आकाराची दुहेरी गाठ शिकण्यास अर्धा तास पुरतो. तिची टोके वीतभर मोकळी ठेवावी लागतात. ती नीट बसली की नाही हे नजरेनेच कळते, हा तिचा मोठा गुण.

दुसरी गाठ ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक याने १९३१ साली प्रसिद्ध केली. बारीक दोरीचा फास जाड दोराभोवती तीन वेळा गुंडाळला की भार नसताना तो सरकतो व भार येताच जागच्या जागी घट्ट धरतो. माडाचे खोड बुंध्याशी फुगीर व वर बारीक असते. म्हणून खोडाला वेढलेला कंबरेचा दोर चढताना आखूड करीत न्यावा लागतो, आणि ते काम ही गाठ एका हाताने करू देते. शेंड्याशी पोहोचल्यावर, हात मोकळे करण्यापूर्वी, दुसरा दोर आपल्याच डोळ्यातून ओवून खोडाभोवती आवळावा व त्यात ढील ठेवू नये. झावळीच्या देठाला दोर बांधण्याची सवय घातक आहे. वाळलेला देठ आपोआप गळतो.

अमेरिकेत झाडाला दोराने टांगून बसणारे शिकारीही हीच दोन दोरांची रीत पाळतात. त्यांची शिकार आपल्या कामाची नाही, १९७२ च्या कायद्याने वन्यप्राण्यांची शिकार येथे निषिद्धच आहे. रीत तेवढी घ्यावी. पट्टा मात्र कंबर आणि मांड्या दोन्हींना आधार देणारा हवा. नुसत्या कंबरपट्ट्यावर निश्चल लोंबकळणे काही मिनिटांतच जिवावर बेतू शकते, म्हणून खाली दुसरा जाणता मनुष्य असल्यावाचून चढू नये.

हे सारे प्रथम जमिनीवर शिकवावे. गुडघाभर उंचीवर, पूर्ण भार दोरावर टाकून गाठ पारखावी. पावसाळ्यात शेवाळलेल्या खोडावर पहिला धडा देऊ नये. दोर व पट्टा यांचा खर्च बागायतदाराने सोसावा हे न्याय्य आहे, कारण नारळ त्याच्या खळ्यात येतात. गाठीच्या जागी दोराची ताकद चौथ्या हिश्शाने, कधी त्याहूनही अधिक, घटते. तेव्हा आधीच झिजलेला दोर स्वस्त म्हणून घेण्यात काटकसर नाही. उन्हाने पांढुरका पडलेला किंवा कोयत्याचा घाव लागलेला दोर गवताचे भारे बांधण्यास खुशाल वापरावा.