सेमाग्लुटाइड स्वस्त झालं, म्हणून स्वतःहून घ्यावं का?

मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपलं आणि स्वस्त इंजेक्शनांचा मार्ग मोकळा झाला. टेंभी नाक्याच्या परिसरातले मधुमेही आता विचारतात, “डॉक्टर, मी घेऊ का?”

आधी हे औषध काय करतं ते समजून घ्या. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ हे हार्मोन रक्तात येतं. स्वादुपिंडाच्या बीटा पेशींवर त्याचा निरोप घेणारं प्रथिन, म्हणजे रिसेप्टर असतो. निरोप मिळाला की पेशी इन्सुलिन सोडते, पण साखर वाढलेली असेल तेव्हाच. सेमाग्लुटाइड याच रिसेप्टरवर काम करतं. म्हणून ते एकटं घेतल्यास साखर फार उतरण्याचा धोका कमी असतो.

ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ती गोळी साखर कमी असतानाही इन्सुलिन सोडायला लावते. त्यात हे इंजेक्शन, मंदावलेली भूक आणि वर नवरात्राचा उपवास असेल, तर घाम, थरथर, अगदी बेशुद्धीही येऊ शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका.

म्हणून सुरू करण्याआधी चालू औषधं डॉक्टरांना दाखवा. जुन्या गोळीचा डोस कमी करावा लागू शकतो. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल किंवा घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झाला असेल, तर तेही नक्की सांगा.