आजी पडली तर?



दसरा-दिवाळी आली की आपल्या बीड जिल्ह्यात धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून कितीतरी आईवडील ऊसतोडणीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. परततात ते मार्च-एप्रिलमध्ये. तोवर घरात कोण? आजी-आजोबा आणि तुम्ही! 'आजी नातवंडांना सांभाळते' असं सगळे म्हणतात. पण तुम्हीही आजीला सांभाळत असताच, नाही का? मग एक गोष्ट तुम्हाला ठाऊक हवी. आजी घरात पडली तर काय करायचं?

आपण खेळताना दहादा पडतो, गुडघे झटकतो आणि पुन्हा पळतो. आजीचं तसं नसतं. म्हातारपणी हाडं ठिसूळ होतात. साध्या पडण्यानंही मांडीचं हाड खुब्यापाशी मोडू शकतं. मग अंथरुणाला खिळलं की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात. त्यांत साठीपुढची सर्वांत जास्त!

म्हणून आज शाळेतून आलात की घराची परीक्षा घ्या. न्हाणीतलं शेवाळ खराट्यानं घासून काढा. उंबऱ्याच्या कडेला चुन्याचा पांढरा पट्टा ओढा, म्हणजे अधू नजरेलाही तो दिसेल. वाटेतल्या घागरी, चपला बाजूला ठेवा. रात्री आजीच्या उशाशी बॅटरी हवीच. आणि झोपेतून उठल्या उठल्या चालायचं नाही, बरं का! एकदम उठलं की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी बाजेवर बसून दहापर्यंत आकडे मोजायचे, मग उभं राहायचं.

एवढं करूनही आजी पडलीच तर? हाताला धरून ओढून उठवू नका. शेजारच्या मोठ्या माणसाला हाक मारा. आजीला विचारा, "कुठं दुखतंय?" एक पाय आखूड दिसतोय, बाहेर वळलाय किंवा पाय हलवताच ती कळवळतेय, तर हाड मोडलेलं असू शकतं. मग तेल चोळायचं नाही, पाय ओढायचा नाही. ऑपरेशन लागू शकतं, म्हणून काही खायला-प्यायलाही द्यायचं नाही. अंगावर गोधडी घाला आणि १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत असते. गाव, तालुका आणि जवळची खूण नीट सांगा. बीडला जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे.

डोक्याला मार लागून उलटी झाली, गुंगी आली, बोलणं अडखळलं, तरीही लगेच १०८! रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर आजी बरी दिसली तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

काहीच दुखत नसेल तर घाई नको. आजीला कुशीवर वळू द्या, मग हातगुडघ्यांवर येऊन, बाजेला धरून तिचं तिला उठू द्या. तुम्ही फक्त जवळ राहा.

आता शेवटचं. पुष्कळ आज्या पडल्याचं लपवतात. मुलानं मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्याला काम सोडून यावं लागेल, ही काळजी! म्हणून म्हणतात, "काही न्हाई झालं, आईबापाला सांगू नको." मित्रांनो, आजीची बाकीची गुपितं जरूर ठेवा. हे मात्र ठेवू नका. आईबाबांचा, मुकादमाचा आणि शेजाऱ्यांचा फोन नंबर आजच खडूनं भिंतीवर मोठ्ठा लिहून ठेवा. लिहाल ना?